काविळीची माळ

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा जीवशास्त्र शिकवतो. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे कुणीतरी म्हणणारच, की खेड्यातली अडाणी माणसं, त्यांना काय कळणार. ज्युनिअर कॉलेजात बारावीच्या पोरांसमोर तो फळ्यावर यकृत काढतो, त्याच्याखाली पित्ताशयाची पिशवी काढतो, बाण मारून नावं लिहितो. त्याच्या आकृत्यांचं गावभर कौतुक आहे. आणि याच माणसाने, डोळे पिवळे दिसले म्हणून, आपल्या सात महिन्यांच्या गरोदर बायकोला मोटरसायकलवर बसवून माळवाल्याकडे नेलं.

मोटरसायकलवर. सात महिन्यांची पोटुशी बाई. सातपुड्याच्या पायथ्याचा तो रस्ता कसा आहे, ते सोनाळ्याकडे जाऊन आलेल्या कुणालाही विचारा.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात कावीळ हा आजार डॉक्टरांच्या मालकीचाच नाही. ताप आला की लोक डॉक्टरकडे पळतील, साधी शिंक आली तरी हौसेने सुई टोचून घेतील, पण कावीळ म्हटली की सगळे एका सुरात सांगणार, "त्याच्यावर डॉक्टरकडं औषधच नाही." मी खामगावात पोस्टाच्या खिडकीवर बसते. रांगेतली माणसं एकमेकांना पत्ते देतात ते माझ्या कानावर पडतात. अमक्या गावचा माणूस नाकात थेंब सोडतो, तमक्या गावचा चुन्याच्या पाण्यात हात धुवून पिवळं पाणी काढतो, आणि एक माळ घालतो. माळवाल्याचा मान सगळ्यांत मोठा, कारण तो पैसे घेत नाही. पैसे घेत नाही म्हणजे खरा, हे आमच्याकडचं शास्त्र.

ती माळ म्हणजे कसल्याशा झाडाच्या ओल्या काड्यांचे बारीक तुकडे, दोऱ्याच्या फासांत अडकवून केलेलं लहानसं कडं. ते डोक्यावर मुकुटासारखं ठेवायचं. दिवस जातात तशी माळ वाढते, डोक्यावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर, पोटावर, आणि शेवटी पायांतून निघून जाते. माळ उतरली की कावीळ उतरली. तोडायची नाही, आणि चुकूनही वर काढायची नाही. वर काढली तर कावीळ मेंदूत चढते म्हणतात. मग पथ्य. पिवळं काही खायचं नाही. हळद बंद, वरण बंद, तेल बंद. ताक-भात, मुळा, साखर, उसाचा रस. आणि झोप. जितकी झोप तितका गुण.

माझी बहीण फोनवर एवढंच म्हणाली होती, "ताई, कावीळ झाली म्हणतात. माळ घातली. उतरून राह्यली." तिचा आवाज मला जड वाटला. मी म्हटलं, दवाखान्यात जा. तिने फोन नवऱ्याला दिला.

"ताई, गेलो होतो नं दवाखान्यात," जावईबापू म्हणाले. "तालुक्याच्या डॉक्टरनं सलाईन लावलं. त्यानंच सांगतलं, याच्यावर काही औषध नसते, आराम करा, माळ-बिळ घालायची तर घाला."

हा तालुक्याचा डॉक्टर मला आजवर भेटला नाही. भेटू नये. कावीळ विषाणूची असली तर बहुतेक वेळा ती आपोआप बरी होते, तिला नेमकं औषध नसतं, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. पण ती कोणाला आपोआप बरी होते आणि कोणाला मारून टाकते, हे बघायलाच तर याला डॉक्टर केला होता. समोर पोट पुढे आलेली बाई बसली आहे. तिचं रक्त तपासायचं सोडून हा म्हणतो, माळ घालायची तर घाला. लोकांचं मन राखतो. लोकांचं मन राखायला गावात पुढारी काय कमी आहेत?

त्यानंतरच्या रविवारी मी आणि माझे मिस्टर गाडी करून गेलो. बहिणीच्या गल्लीत शिरलो आणि पहिल्यांदा जे दिसलं त्यानेच माझं डोकं फिरलं. ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीच्या गळ्यात माळ. हापशाजवळ उभ्या असलेल्या बाईच्या छातीवर माळ. शाळकरी पोरगी दप्तरासकट माळ घालून चाललेली. निम्म्या गल्लीला कावीळ झाली होती. नळाची पाइपलाइन गटाराच्या आतून गेलेली माझ्या डोळ्यांना गाडीतून उतरता उतरता दिसली. जोडावर सायकलची ट्यूब गुंडाळली होती आणि ती ट्यूबसुद्धा गळत होती. रोज तिथूनच पाणी भरणाऱ्या एकाही माणसाच्या मनात आलं नाही, की बाप्पा, एकाच गल्लीत एवढे लोक पिवळे काऊन झाले? सगळे मिळून एकाच गाडीने माळवाल्याकडे जात होते. तेवढा एकोपा आला होता.

बहिणीच्या सासूबाई दारातच भेटल्या. बाई वाईट नाही. हे मला रागातसुद्धा कबूल करावं लागतं. सुनेसाठी स्वतः ताक घुसळायची, तिच्या न्हाणीचं पाणी स्वतः तापवायची, आणि सून खात नाही म्हणून स्वतःही हळद घातलेलं खात नव्हती.

"हळू बोला बाई," मला म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागला तिचा. दोन-तीन दिवसांपासून लई छान झोपते. माळ पोटापर्यंत आली पाहा. देवानं केलं तर आता हप्ताभराचा खेळ."

मी आत गेले. बहीण कुशीवर पडली होती. अंग असं पिवळं, की शेजारची चादर पांढरी आहे की नाही याचीच शंका यावी. माळ छातीवरून घसरून पोटाच्या चढावर अडकली होती. मी हाक मारली, खांदा हलवला. तिने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि परत मिटले. माझी बहीण, जी लहानपणी पाल चुकचुकली तरी उठून बसायची, ती मला पाहून परत झोपली.

"उचला हिला," मी म्हणाले.

मग घरात जे भांडण झालं ते सगळं लिहीत नाही. जावईबापूंचं म्हणणं, अर्ध्यात माळ सोडून प्रवास करायचा नसतो. मी म्हणाले, तुम्ही पोरांना काय शिकवता हो फळ्यावर? ते म्हणाले, "ताई, पुस्तकातलं वेगळं असते." हे वाक्य ऐकून मी त्यांच्या थोबाडीत मारली नाही, यात माझं मोठेपण नाही, माझे मिस्टर मध्ये उभे होते. शेवटी मी म्हणाले, "माळ घालूनच चला. माळेला कोण हात लावतंय? पण चला." तेव्हा कुठे ते हलले.

खामगावात ज्या दवाखान्यात नेलं तिथे दुपारची गर्दी होती. सिस्टरने बहिणीला एकदाच पाहिलं आणि खुर्चीवर बसू न देता सरळ खाटेवर घेतलं. बोटाला टोचून साखर पाहिली. साखर इतकी खाली गेली होती, की ती तिथूनच डॉक्टरांना हाका मारू लागली. ताक-भात आणि मुळ्यावर ठेवलेली गरोदर बाई! उसाचा रसही गेले दोन दिवस घशाखाली उतरत नव्हता, हे सासूबाईंनी तेव्हा सांगितलं.

डॉक्टर तरुण होते, आवाज शांत. त्यांनी एकीकडे शिरेतून ग्लुकोज सुरू करायला लावलं आणि दुसरीकडे विचारायला लागले. लघवी पिवळी कधीपासून? उलट्या? ताप आला होता का आधी? आधी कधी रक्त चढवलं होतं? कुठे इंजेक्शनं घेतली? झाडपाल्याचं काही पोटात दिलं का? घरात, शेजारी आणखी कुणाला कावीळ? पाणी कुठलं पिता? जावईबापू वर्गात हजेरी दिल्यासारखे नीट उत्तरं देत होते. शेजारी किती जणांना आहे हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला. आला तर आला.

मग डॉक्टरांनी विचारलं, "झोप कशी आहे?"

सासूबाई पुढे झाल्या. सबंध दुपारभरात त्यांना पहिल्यांदाच काहीतरी चांगलं सांगायला मिळत होतं. "झोप एकदम मस्त हो साहेब. आधी रातभर जागी राहाय, काहीबाही बोले. आता दिवस-रात झोपूनच असते. उठवलं तरी उठत नाही, इतका आराम पडला."

डॉक्टरांचा हात लिहिता लिहिता थांबला. ते खाटेपाशी गेले. बहिणीला मोठ्याने हाक मारून जागं केलं आणि तिला दोन्ही हात समोर धरायला सांगितले, तळवे उभे करून, समोरून येणाऱ्याला थांब म्हणावं तसे. तिने धरले. तिचे पंजे एकदम खाली पडले, पुन्हा उचलले, पुन्हा पडले. तिला ते धरून ठेवताच येत नव्हते. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं आणि तिला विचारलं, "या कोण आहेत?"

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "शाळेतल्या बाई."

"हा आराम नाही, आजी," डॉक्टर म्हणाले. "लिव्हर काम करत नाही, त्याचं विष मेंदूपर्यंत गेलंय. ही गुंगी आहे."

मला त्या क्षणी जो राग आला तो आजही तसाच्या तसा आहे. ज्याला हे सगळे गुण आला म्हणत होते, माळ लागू पडली म्हणत होते, आवाज करू नका म्हणून पायाच्या बोटांवर चालत होते, ते माझ्या बहिणीचं मरण होतं. घरात आलं होतं आणि ही माणसं त्याची झोपमोड होऊ देत नव्हती.

पुढचं सगळं भराभर झालं. रक्ताच्या नळ्या भरल्या. कावीळ किती आहे, कोणत्या विषाणूची आहे आणि मुख्य म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो, ते बघायचं होतं. डॉक्टरांचं बाकी सगळ्यापेक्षा त्या गोठण्याकडेच लक्ष होतं. सोनोग्राफीवाल्या बाईंनी पोटावर यंत्र फिरवलं. बाळाचे ठोके लागले. मंद होते, पण होते. मी ते स्वतः ऐकले.

आता अतिदक्षता विभागात नेऊन मानेच्या शिरेत नळी घालायची होती. सिस्टर म्हणाली, "हे गळ्यातलं काढा."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी माळ धरली. "नाही. वर काढायची नसते. मेंदूत चढते."

"मग खालून काढा."

खालून कशी काढणार? मध्ये पोट होतं. माळ त्याच्यावर टेकून बसली होती, ना इकडे ना तिकडे. सासूबाई लेकाकडे बघायला लागल्या. जावईबापू भिंतीवरच्या हात धुण्याच्या पोस्टरकडे बघायला लागले. सिस्टर हातात ट्रे घेऊन उभी. डॉक्टर म्हणाले, "कुणीतरी ठरवा." आणि कुणीच काही ठरवीना. बायकोच्या जिवापेक्षा काड्यांचे तुकडे मोठे झाले होते आणि हे सगळे शिकलेले, कमावते लोक तोंडाला कुलूप लावून उभे होते.

"कात्री द्या," मी म्हणाले.

सिस्टरने पट्ट्या कापायची कात्री दिली. मी माळ कापली. काड्या एवढ्या वाळल्या होत्या की फासांतून सुटून फरशीवर पसरल्या. सासूबाई खाली बसून त्या वेचायला लागल्या. रडत होत्या. मला दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी बाळाचे ठोके सापडले नाहीत.

तपासण्यांत कावीळ 'ई' प्रकारची निघाली. घाण पाण्यातून येणारी. इतर लोक पंधरवडा-महिनाभरात उठून बसतात, पण गरोदर बाईला, त्यातून शेवटच्या महिन्यांत, तीच जीवघेणी ठरू शकते, असं डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं. बाळाचं कशानेही वाचणं कठीणच होतं म्हणाले, पण लवकर आला असतात तर, असं म्हणून त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. बहिणीला प्लाझ्मा चढवला. पोट साफ राहावं म्हणून एक गोड चिकट औषध नळीतून देत होते. मेलेलं मूल तिच्या पोटातून बाहेर आलं तेव्हा तिला पुरती शुद्धसुद्धा नव्हती. मुलगी होती. मग हळूहळू तिचे पंजे स्थिर झाले. एके सकाळी मी खाटेजवळ गेले तर ती म्हणाली, "ताई, तू आज पोस्टात नाही गेली?" मी बाहेर व्हरांड्यात जाऊन भिंतीला डोकं टेकून रडले. माझी बहीण परत आली होती.

मला वाटलं, आता तरी यांचे डोळे उघडतील. कसचं काय! दवाखान्यातून घरी न्यायच्या दिवशीच माझ्या कानावर आलं. माळ गळ्यात होती तोवर ठोके होते. माळ कापली आणि ठोके बंद झाले. मोठ्या बहिणीनं कापली. पोस्टातल्या बाईनं. शिकल्याचा गर्व, दुसरं काय. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते याला. गटारातली पाइपलाइन निर्दोष, माळ घाला म्हणणारा डॉक्टर निर्दोष, फळ्यावर यकृत काढणारा निर्दोष. गुन्हेगार कोण, तर कात्री.

मी गप्प बसणारी बाई नाही. मी स्वतः त्या माळवाल्याकडे गेले. भाच्याला कावीळ झाली आहे, येऊ शकत नाही, असं सांगितलं. त्याने काही न विचारता माळ दिली. मी ती आणून स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या गजाला टांगली. काड्या सुकत गेल्या, फास सैल पडत गेले आणि माळ वाढत गेली. वाढत वाढत ओट्यापर्यंत आली. माझे मिस्टर म्हणाले, "चला, गजाची कावीळ उतरली एकदाची." कितीतरी दिवसांनी मी पोट धरून हसले. मग ती तशीच ठेवली, बहिणीला दाखवायला.

आई-वडील गेल्यापासून तिचं माहेर म्हणजे माझंच घर. दिवाळीनंतर ती चार दिवस राहायला आली. अंगावर जरा मांस आलं होतं, डोळे पांढरे स्वच्छ झाले होते. मी तिला खिडकीपाशी नेलं, माळ दाखवली, सगळं समजावून सांगितलं. काडी वाळली की बारीक होते, बारीक झाली की फास सुटतो, दोरा मोकळा होतो. हिच्यात काही नाही. गजावर टांगा नाहीतर म्हशीच्या शिंगावर, ती वाढणारच.

तिने माळ हातात घेतली. बोटांनी काड्या चाचपल्या.

"मले माहीत आहे, ताई," ती म्हणाली.

"माहीत आहे? मग सांगत का नाहीस त्यांना? तुझ्यासमोर मला नावं ठेवतात ना?"

"ठेवतात."

"आणि तू ऐकून घेतेस?"

तिने माळ परत गजाला अडकवली. सावकाश, नीट. "माळ तोडल्यानं माझी पोरगी गेली असं म्हटलं, की ते तुह्यावर जाते. तू इकडं आहे, खामगावले. मले त्या घरात राहता येते. त्यायच्यासंगं जेवता येते." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "माळेनं नाही गेली, तर मंग कोणामुळं गेली ते मले रोज समोर दिसन. तसं झालं तर मी कशी राहू त्या घरात, ताई?"

राग तर आला होता, पण तो कुठे ठेवायचा तेच कळेना. तिच्यावर ठेवता येत नव्हता. ती उठली आणि कणीक मळायला बसली.

उन्हाळ्यात तिच्या नणंदेच्या मुलीचं लग्न झालं. मंडपात जेवणाच्या पंगती उठत होत्या. बहीण सासूबाईंच्या शेजारी बसून विड्याची पानं लावत होती. तिच्या सासरकडची एक बाई माझ्याजवळ आली, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि चार जणींना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुमीच नं त्या? काविळीची माळ तोडणाऱ्या?"

पान लावता लावता बहिणीचा हात थांबला. तिने वर पाहिलं नाही.

"हाव," मी म्हणाले. "मीच तोडली."